बिशपच्या पायाची पट्टी

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेनऊ.
डडलीतल्या चढावरचं शेवटचं घर,
दारावर पितळी अक्षरं: बिशप ऑर्विल डेकर्स.
आत ते खुर्चीत, कोट-टाय घालून,
फक्त डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
"ये सिस्टर," म्हणायचे. मी नर्स म्हणून सिस्टर,
त्यांच्याकडे तर सगळ्याच सिस्टर.

जखम घोट्याच्या वर, दोन वर्षांची, हट्टी.
ती धुताना मी काहीबाही विचारायचे,
दुखणं जरा दुसरीकडे वळावं म्हणून.
तेवढ्यावर ते निघायचे:
किंग्स्टनहून बोट, सत्तावन्न साल,
फाउंड्रीत रात्रपाळी, डोळ्यांसमोर पातळ लोखंड,
आणि पहिल्याच रविवारी कडक इस्त्री करून चर्चला.
प्रार्थना झाल्यावर दारात पाद्रीसाहेबांनी
हात हातात घेऊन गोड आवाजात सांगितलं,
"आलात, आनंद झाला. पुढच्या रविवारी मात्र नका येऊ."
"मग?"
"मग काय. हात फार मऊ होता त्यांचा."

मग भाड्याचा हॉल. शनिवारी तिथे नाच नि बिअर,
रविवारी पहाटे पाच माणसं झाडू घेऊन,
थोटकं, काचा, ओकारी,
सगळं धुऊन झालं की खुर्च्या,
खुर्च्या झाल्या की इनेझबाईंची खंजिरी,
आणि मध्येच कुणाच्या तरी जिभेवर उतरणारी ती भाषा
जी कुठल्याच गावात बोलत नाहीत.
"तुम्हाला कळते?"
"नाही. आईच्या पोटात तुला तरी काय कळत होतं?
ऐकत होतीस ना."

भिंतीवर जगाचा नकाशा, टाचण्यांनी भरलेला.
घाना, हैती, मलावी.
पायाला भिंगरी, मी मराठीत पुटपुटले,
मग अर्थ सांगावा लागला.
खोकला येईपर्यंत हसले. "ह्याच पायाला?"

प्रत्येक टाचणीमागे वहीचं एक पान:
सिमेंटच्या गोण्या, विहिरीचे फूट,
ओव्हरटाइमचे किती, इनेझच्या शिवणाचे किती.
एका टाचणीला पान नव्हतं.
लायबेरियाच्या किनाऱ्याशी, काळ्या डोक्याची.
"डेल्रॉय पिनॉक. चोवीस वर्षांचा. मी पाठवला.
आई नको म्हणत होती. मी म्हटलं, देव सांभाळेल."
पट्टीचा वेढा माझ्या हातात तसाच.
"तिने येणं सोडलं नाही. दर रविवारी, दुसऱ्या रांगेत.
माझा उपदेश पूर्ण ऐकायची.
सोडून गेली असती तर..."
पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही.
मीही पट्टी पुढे गुंडाळली.

एकदा त्यांनी माझं गाव विचारलं.
राहुरीच्या अलीकडे, उसात, नकाशात नसेल.
काठी टेकत उठले, चिमटीत लाल टाचणी.
"नको," मी म्हणाले, जरा जोरातच.
"तिथे आधीच येऊन गेलेत लोक.
आजोबांना शाळा दिली, त्यांचं नाव नेलं.
दोन्ही खरं आहे."
ते तसेच उभे, उघड्या पायाने, जखमेवर हवा लागत.
मग टाचणी कोटाच्या कॉलरखाली खोचली.
"काय होतं नाव?"
"सटवा."
"सट-वा." जीभ अडली. पुन्हा म्हणून पाहिलं.
शुक्रवारी दार उघडताना
'गुड मॉर्निंग'च्या आधी तेच म्हणाले, या वेळी बरोबर.

फेब्रुवारीत गेले. चर्च गच्च,
बाहेर फुटपाथवर गारठ्यात टोप्या नि छत्र्या,
मलावीहून एक हेडमास्तर, उसना ओव्हरकोट घालून,
विहिरीचा फोटो छातीशी.
मी शेवटच्या रांगेत, युनिफॉर्ममध्येच,
साडेअकराला पुढचा पेशंट होता.
दुसऱ्या रांगेत एक जागा कुणी घेतली नव्हती,
कुणी तसं सांगितलंही नव्हतं.

पेटी उघडी होती. कोट तोच.
रांग सरकली, माझी पाळी आली.
कॉलर उलटून पाहायला
एका बोटाचं काम होतं.
मी पाय पाहिला, सवयीने,
म्हणजे पाय जिथे असावा तिथलं पांढरं कापड.
त्याखाली शेवटची पट्टी माझी होती.
शुक्रवारची. घट्ट बांधलेली.